फुप्फुस थकण्याआधीच्या खुणा

(ताडकळस येथे वस्त्यांवरचे आरोग्य स्वयंसेवक आणि मंडळीचे सभासद यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेल्या विषयाचं नाव जरा जड आहे. अत्यवस्थ रुग्णाच्या फुप्फुसाला गंभीर इजा होणार आहे, हे आधीच सांगणारे जैवसूचक. मी डॉक्टर नाही. समाजकार्य करतो, थिऑलॉजीचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण गेली बरीच वर्षं आपल्या लोकांबरोबर परभणीला, नांदेडला दवाखान्याच्या बाकावर बसतो आहे, आणि आतून येणारा प्रत्येक कागद नातेवाईक माझ्याच हातात देतात. "दादा, बघा बरं काय लिहिलंय." त्यामुळे हे कागद समजून घेणं मला भागच पडलं. जे समजलं ते डॉक्टरांना विचारून, वाचून आज तुमच्यापुढे ठेवतो.

जैवसूचक म्हणजे काय, हे तुम्हाला नाव माहीत नसलं तरी चांगलं ठाऊक आहे. २०२१ चा एप्रिल-मे आठवा. ज्यांनी आयुष्यात कधी रक्त तपासलं नव्हतं, त्यांच्याही तोंडी सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, आयएल-सिक्स हे शब्द होते. चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना एचआरसीटीचा स्कोअर विचारायचे, जसा पूर्वी दहावीचा निकाल विचारायचे. हे सगळे आकडे म्हणजे शरीराने बाहेर पाठवलेल्या चिठ्ठ्या. रक्तातली साखर ही मधुमेहाची चिठ्ठी, तशी ही आजाराची. प्रश्न एवढाच की चिठ्ठी कोण पाठवतंय, ती वेळेवर पोचते का, आणि वाचून पुढे आपण वेगळं काय करणार. हा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत मोठा वाटतो, आणि तोच कुणी विचारत नाही.

आधी फुप्फुसात काय होतं ते पाहू. आपल्या फुप्फुसात हवेचे बारीक बारीक फुगे असतात, कोट्यवधी. प्रत्येक फुग्याभोवती रक्ताच्या केसाएवढ्या नळ्यांचं जाळं. हवा आणि रक्त यांच्यामध्ये इतका पातळ पडदा की प्राणवायू त्यातून सहज आत जातो. आता कालव्याचं उदाहरण घ्या. अस्तर धड असेल तोवर पाणी कालव्यातून वाहतं आणि शेजारचं रान कोरडं राहतं. अस्तराला तडे गेले की पाणी पाझरतं आणि चांगलं रान चिबड होतं. फुप्फुसाच्या गंभीर इजेत हेच होतं. रक्तात जंतू पसरले, न्यूमोनिया झाला, अपघातात मोठा मार लागला, उलटी श्वासनळीत गेली, कारण काहीही असो. त्या पातळ पडद्याला तडे जातात, रक्तातलं पाणी हवेच्या फुग्यांत पाझरतं आणि फुप्फुस चिबड होतं. मग ऑक्सिजन कितीही लावा, आत जात नाही. डॉक्टर याला एआरडीएस म्हणतात. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी असे १२ रुग्ण एकत्र मांडून या अवस्थेचं पहिलं वर्णन 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापलं. मूळ आजार वेगवेगळे, पण छातीची गत सगळ्यांची एकच.

आता रक्तातल्या चिठ्ठ्या. रक्तनळ्यांच्या आतलं अस्तर दुखावलं की अँजिओपॉयटिन-२ नावाचा पदार्थ रक्तात वाढतो. हवेच्या फुग्याच्या बाजूच्या पेशी दुखावल्या की एस-रेज आणि सर्फॅक्टंट प्रोटीन-डी वाढतात. अंगात दाह पेटला की आयएल-६, आयएल-८ आणि सीआरपी. म्हणजे कुठल्या बाजूचं अस्तर गेलं हेसुद्धा चिठ्ठीवरून थोडंफार कळतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की अतिदक्षता विभागात आलेल्या, पण फुप्फुस अजून शाबूत असलेल्या रुग्णांमध्ये ज्यांचं अँजिओपॉयटिन-२ वाढलेलं होतं, त्यांच्या फुप्फुसाला पुढे इजा होण्याचा धोका जास्त होता. फोटोत काही दिसण्याआधी रक्त बोललं. हे खरंच मोठं काम आहे.

पण थांबा. भाकीत किती खरं निघतं ते पाहिल्याशिवाय टाळ्या वाजवू नका.

२०११ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. २२ रुग्णालयांतले, धोका असलेले ५,५८४ रुग्ण. त्यांपैकी ३७७ जणांच्या फुप्फुसाला पुढे गंभीर इजा झाली, म्हणजे शंभरात सातही नाहीत. डॉक्टरांनी धोक्याच्या गोष्टींची एक यादी केली आणि प्रत्येकीला गुण दिले: रक्तात जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, मार, दारूचं व्यसन, अंगातलं प्रथिन कमी असणं वगैरे. ज्यांचे गुण ठरावीक आकड्याच्या वर, त्यांना 'धोका' अशी खूण. त्या खूण केलेल्या शंभर जणांपैकी खरोखर इजा किती जणांना झाली? सुमारे १८ जणांना. बाकीच्या ८२ जणांचे नातेवाईक उगाच घाबरले असते. उलट ज्यांना 'धोका नाही' म्हटलं, त्या शंभरांपैकी ९७ जण सुखरूप राहिले. म्हणजे अशी मोजपट्टी "हा वाचेल" हे बऱ्यापैकी सांगते, "हा बिघडेल" हे फार कच्चं सांगते. कुणी रिपोर्ट पुढे करून "आकडा वाढलाय, आता काही खरं नाही" म्हणालं, तर हे १८ आणि ८२ लक्षात ठेवा.

आणि त्या यादीत आणखी एक गोष्ट होती. मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास. तिलाही गुण होते. त्याच्यासाठी ना सुई लागते ना लॅब. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

भाकीत कळल्यावर करायचं काय, हा दुसरा पेच. त्याच यादीवरून धोक्याचे रुग्ण निवडून त्यांना ॲस्पिरिन दिली तर फुप्फुस वाचेल का, हे अमेरिकेत तपासलं गेलं. २०१६ मध्ये निकाल आला. ॲस्पिरिन घेतलेल्यांपैकी १०.३ टक्के लोकांना एआरडीएस झाला, न घेतलेल्यांपैकी ८.७ टक्के. उपयोग शून्य. म्हणजे वादळ येणार हे कळलं, पण छप्पर घालायला पत्रे नाहीत.

असं असलं तरी चिठ्ठ्या फुकट जातात असं नाही. कोविडमध्ये एक चांगलं उदाहरण घडलं. इंग्लंडमध्ये 'रिकव्हरी' नावाची प्रचंड मोठी चाचणी झाली. टोसिलिझुमॅब हे महागडं इंजेक्शन कुणाला द्यायचं, हे त्यांनी दोन गोष्टींवर ठरवलं: ऑक्सिजन खाली गेलेला हवा आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त हवा. अशा रुग्णांमध्ये इंजेक्शन दिलेल्यांपैकी ३१ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी ३५ टक्के. फरक छोटा, पण खरा. सीआरपी ही साधी तपासणी आहे. तिने ठरवलं की पुढचं पाऊल टाकायचं की नाही. सूचकाचं काम असं असावं.

त्याच चाचणीतून डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडचा निकाल जून २०२० मध्ये आला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना काहीच फायदा नाही. इथे सूचक कोणता होता? रक्तातला नाहीच. 'ऑक्सिजन लागतोय का' हा. आणि आपल्याकडे काय झालं ते तुम्ही पाहिलंत. सीआरपी जरा वाढला म्हणून घरी बसलेल्या, नीट श्वास घेणाऱ्या माणसांना चौथ्या दिवशी स्टिरॉइड सुरू. साखर वाढली, पुढे काही जणांना काळी बुरशी. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावं लागलं की सौम्य आजारात, ऑक्सिजन चांगला असताना सीटी स्कॅन आणि या रक्ततपासण्या करू नका, त्यांनी फक्त घबराट वाढते. तोवर आपल्या वस्त्यांवर मंगळसूत्रं गहाण पडली होती.

आता आपल्या लोकांच्या अगदी जवळच्या विषयाकडे येतो. सिकलसेल.

गोंड, प्रधान यांसारख्या आदिवासी समाजांत हा रक्ताचा आजार आढळतो, हे तुम्हाला माहीत आहे. पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नळ्यांत अडकतात, हाडं दुखतात. पण सिकलसेलच्या माणसाचा जीव पुष्कळदा छातीमुळे जातो. त्याला अॅक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात: ताप, छातीत दुखणं, धाप, आणि फोटोत फुप्फुसावर नवा पांढरा डाग. २००० मध्ये अमेरिकेत अशा ६७१ प्रसंगांचा अभ्यास छापला गेला. त्यात जवळपास निम्मे रुग्ण छातीसाठी दवाखान्यात आलेच नव्हते. ते आले होते दुसऱ्या कारणाने, बहुतेक हाडांच्या दुखण्यासाठी, आणि छाती बिघडली ती भरती झाल्यानंतर, सरासरी अडीच दिवसांनी.

हे मी मुद्दाम सावकाश सांगतोय. मुलगा पाय दुखतात म्हणून भरती झाला. सलाईन लागलं, दुखणं कमी झालं, आई चहा प्यायला खाली गेली, बाप कामावर परत गेला. आणि खरा धोका आता सुरू होणार आहे. या अडीच दिवसांत कुणाची तरी नजर त्याच्या छातीवर पाहिजे.

इथेही रक्तातली चिठ्ठी सापडली होती. फॉस्फोलायपेज ए-२ नावाचा पदार्थ. १९९६ मध्ये संशोधकांना दिसलं की चेस्ट सिंड्रोम झालेल्यांच्या रक्तात तो खूप वाढतो, आणि छाती बिघडण्याच्या आधीपासूनच वाढू लागतो. मग कल्पना निघाली: हा वाढला की लगेच रक्त चढवायचं, छाती वाचेल. चाचणी सुरू झाली, पण पुरेसे रुग्ण मिळाले नाहीत आणि प्रश्न अर्धवट राहिला. आज आपल्या भागातल्या कुठल्या सिकलसेल मुलाला त्या तपासणीचा उपयोग नाही.

पण १९९५ मध्ये आणखी एक छोटी चाचणी झाली होती. दवाखान्यात फुंकायचं, खरं म्हणजे श्वास आत ओढायचं, ते तीन गोट्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र तुम्ही पाहिलंय ना? स्पायरोमीटर. छातीत किंवा पाठीत दुखतंय म्हणून भरती झालेल्या सिकलसेलच्या मुलांना आणि तरुणांना जागेपणी दर दोन तासांनी त्यात दहा दीर्घ श्वास घ्यायला लावले. दुखतं म्हणून ही मुलं वरवरचा श्वास घेतात आणि फुप्फुसाचा खालचा भाग उघडतच नाही, असा त्यामागचा विचार. यंत्र दिलेल्या १९ भरत्यांपैकी एकात छाती बिघडली. न दिलेल्या १९ पैकी आठात. चाचणी लहान आहे, मान्य. पण एक आणि आठ यांतला फरक पाहा आणि त्या यंत्राची किंमत पाहा. औषधाच्या दुकानात काही शेकड्यांत मिळतं. आपल्या निधीतून एखादी वस्तू घ्यायची असेल तर माझं मत या गोट्यांच्या डबीला आहे, कुठल्याही रक्ततपासणीच्या पॅकेजला नाही.

त्याच वर्षी, १९९५ मध्येच, हायड्रॉक्सीयुरिया या गोळीचा निकाल आला. २९९ मोठ्या रुग्णांच्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांपैकी २५ जणांना चेस्ट सिंड्रोम झाला, न घेणाऱ्यांपैकी ५१ जणांना. म्हणजे निम्म्याने कमी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. तपासणी होते, रंगीत कार्डं मिळतात. पण कार्ड मिळालं म्हणजे गोळी सुरू झाली असं होत नाही. वस्तीवर कार्ड पाहाल तेव्हा पुढचा प्रश्न विचारा: "गोळी चालू आहे का? शेवटचं रक्त कधी तपासलं?" ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते, आणि बाई गरोदर असेल किंवा मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं असतं. आणखी एक, सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्राचा अर्ज भरून द्या.

आता थोडं दूर जाऊ, आफ्रिकेत रवांडाला. एआरडीएस कुणाला म्हणायचं याची 'बर्लिन व्याख्या' २०१२ मध्ये छापून आली. तिला धमनीतल्या रक्ताची तपासणी लागते, श्वासाच्या मशीनचा ठरावीक दाब लागतो, छातीचा फोटो लागतो. रवांडाच्या किगाली शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी १,०४६ रुग्ण पाहिले. बर्लिनच्या व्याख्येने त्यांत एकालाही हा आजार नव्हता! कारण मशीनं आणि तपासण्या फारच अपुऱ्या होत्या. मग त्यांनी व्याख्या जरा बदलली. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणि छातीची सोनोग्राफी चालेल असं धरलं. लगेच ४२ रुग्ण निघाले. त्यांतले निम्मे दवाखान्यातच वारले. २०१६ मध्ये हे छापून आलं, आणि आता जगाच्या नव्या व्याख्येत ऑक्सिमीटर मान्य झालं आहे.

मला या गोष्टीचा राग येतो, ते मी लपवत नाही. निम्मे मरत होते आणि पुस्तकाप्रमाणे तो आजार त्यांना नव्हताच. वस्तीवरचा माणूस तापाने गेला की आपण "ताप डोक्यात गेला" म्हणून सोडून देतो. त्यांच्यातल्या कितींची छाती चिबड झाली होती, कुणी पाहिलं? मोजलं नाही म्हणून नव्हतं, असं होत नाही.

आणि मोजायचं कसं, हे शिकायला रवांडाला जायची गरज नाही. आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोलीला ते झालेलं आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या काळी तिथली लहान मुलं न्यूमोनियाने पटापट जात होती. आपल्याकडे म्हातारी माणसं ज्याला 'डब्बा' म्हणतात तोच आजार. पोट उडतं, बाळ दूध सोडतं, दोन दिवसांत खेळ संपतो. एक्स-रे नाही, लॅब नाही, डॉक्टर लांब. मग सूचक कोणता? श्वासाचा वेग. पापुआ न्यू गिनी या देशात डॉ. फ्रँक शान यांनी दाखवून दिलं होतं की खोकला असलेल्या लेकराचे श्वास मिनिटाला ठरावीक आकड्याच्या वर गेले तर न्यूमोनिया धरून औषध द्यावं. बंग दांपत्याने हेच काम गावातल्या आरोग्यदूतांना आणि दायांना शिकवलं.

पण दाईबाईंना पन्नासपर्यंत मोजता कुठे येतं? त्यावर त्यांनी काढलेली युक्ती मला त्या रक्तातल्या सगळ्या सूचकांपेक्षा आवडते. एका चौकटीत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे पाहायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी, एक मोठ्या मुलांसाठी. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं की न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की पुरे.

निकाल १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. ज्या गावांत हे काम झालं तिथे उपचार केलेल्या ६१२ न्यूमोनियाच्या मुलांपैकी ०.८ टक्के दगावली. शेजारच्या, काम न झालेल्या गावांत न्यूमोनिया झालेल्यांपैकी १३.५ टक्के. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू एकीकडे ८.१, दुसरीकडे १७.५. तेव्हा कोट्रायमॉक्सेझोल हे औषध होतं, आज त्या जागी अमोक्सिसिलिन आलं आहे. २०१९ पासून सरकारची 'सांस' मोहीम आहे, तिच्यामागेही हाच विचार आहे.

म्हणून आपल्या स्वयंसेवकांसाठी आकडे सांगतो, लिहून घ्या. दोन महिन्यांच्या आतलं बाळ: मिनिटाला ६० किंवा जास्त. दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा जास्त. एक ते पाच वर्षं: ४० किंवा जास्त. बाळ शांत असताना मोजा, रडताना किंवा अंगावर पिताना नाही, आणि पूर्ण एक मिनिट मोजा. वेग कमी असला तरी श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, झटके येत असतील किंवा गुंगीत असेल, तर आकड्याची वाट पाहू नका. निघा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर गावात औषधाचा प्रयोग नको, थेट दवाखाना.

मोठ्या माणसाचे श्वास बसल्या जागी मिनिटाला साधारण १२ ते २०. कोविडच्या काळात सरकारी मार्गदर्शनात २४ च्या वर गेला की मध्यम आजार आणि ३० च्या वर गेला की गंभीर, असं धरलं होतं. हेच आकडे तापाच्या कुठल्याही पेशंटला लावून बघायला हरकत नाही. एक गंमत सांगतो. "मी तुमचा श्वास मोजतोय" म्हटलं की माणूस लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरायचं आणि डोळे छातीवर ठेवायचे.

ऊसतोडीहून परतलेला आपला एक तरुण चार दिवसांच्या तापाने भरती झाला होता. त्याची फाईल माझ्याकडे आली तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या रक्ताचे रिपोर्ट होते आणि छातीचा सीटी. खर्च सगळा मुकादमाच्या उचलीतून. पण घरापासून निघाल्यापासून त्याचे श्वास मिनिटाला किती, हे एकाही कागदावर नव्हतं. मी मोजले, ३६ भरले. नर्सताईंना सांगितल्यावर त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं, रात्रीतून त्याला अतिदक्षता विभागात हलवलं. तो वाचला. त्याच्या घरच्यांचं कर्ज मात्र पुढचे दोन हंगाम चाललं.

आता ऑक्सिमीटर. हे यंत्र जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये शोधलं. बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन तऱ्हेचा प्रकाश सोडून ते रक्तातला प्राणवायू ओळखतं. उत्तम गोष्ट आहे, प्रत्येक वस्तीगटाला एक असावं. पण त्वचेचा काळा रंगही प्रकाश शोषतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतून एक अहवाल आला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन धोक्याच्या खाली होता, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळलं आणि काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा. आपली माणसं उन्हात राबणारी, सावळी आणि काळी. तेव्हा यंत्र ९४ म्हणतंय पण माणूस ३० च्या वर श्वास घेतोय, वाक्य पुरं बोलता येत नाही, तर यंत्रावर नाही, माणसावर विश्वास ठेवा. बोट गार असेल तर चोळून ऊब द्या, नखाला रंग असेल तर पुसा किंवा दुसरं बोट धरा.

दवाखान्यात पोचल्यावर काय विचारायचं, हे बऱ्याच ताईंनी मला लिहून पाठवलं होतं. डॉक्टरांशी हुज्जत घालायची नाही. त्यांच्यावर किती ताण असतो ते आपण बाहेर बसून पाहतो. पण नम्रपणे एक प्रश्न विचारता येतो: "डॉक्टरसाहेब, ही तपासणी केल्यावर उपचारात काय बदलेल?" बदलणार असेल तर पैशांची सोय करू, नसेल तर पैसे औषधाला ठेवू. चांगला डॉक्टर या प्रश्नाला रागावत नाही, उलट नीट समजावून सांगतो.

नातेवाईक मशीनला फार घाबरतात. "मशीन लावलं म्हणजे माणूस संपला" असं म्हणतात. तसं नाही. २००० मध्ये ८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दिसलं की मशीनने फुप्फुसात भरायची हवा निम्मी केली, किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६, तर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येतात. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की अतिगंभीर रुग्णांना दिवसातले बरेच तास पालथं झोपवलं तर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ वर येतात. मशीनचं बटण फिरवणं आणि माणसाला पालथं करणं. यात नवं औषध एकही नाही. पालथं करायला चार-पाच माणसांचे हात लागतात, एवढंच. आत तुमचा पेशंट पालथा दिसला तर "आमच्या माणसाला असं का टाकलं?" म्हणून आरडाओरडा करू नका, ते त्याच्या भल्यासाठी आहे.

निघण्यापूर्वीच्या कामाचं सांगून थांबतो. १०८ ला फोन करताना "ताप आलाय" एवढंच म्हणू नका. "श्वास मिनिटाला इतके, ऑक्सिजन इतका" असं सांगा. रेशन कार्ड आणि आधार एका पिशवीत घालून दाराच्या खुंटीला अडकवून ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, पोचल्या पोचल्या त्यांना गाठा. बिल झाल्यावर गेलात तर फार उशीर होतो. सिकलसेलचा पेशंट असेल तर कार्ड दाखवून पहिल्याच वेळी सांगा. आणि त्याच्याजवळ रात्री बसणाऱ्याने दर दोन तासांनी श्वास मोजून एका कागदावर वेळेसह लिहावेत. सकाळी राउंडला डॉक्टर आले की तो कागद त्यांच्या हातात द्यावा.

चहा तयार आहे असं मागून खुणावतायत. चहानंतर दोघादोघांच्या जोड्या करा. घड्याळं पहिल्या बाकावर ठेवली आहेत, मणी आणि दोरा सुनंदाताईंकडे आहे. ज्यांना आकडे लिहिता येत नाहीत त्यांनी आधी मण्यांनी मोजून पाहावं, आणि त्यांच्या शेजारच्यांनी मध्येच तोंड घालू नये.